विजय चार, तरी ‘फॉर्म्युला-वन’चे दार बंदच

शंकरपटात जोडी पहिली आली, की श्रेय बैलांचे की धुरकऱ्याचे, हा वाद वऱ्हाडाला नवा नाही. मोटार शर्यतींतही चालकाच्या प्रत्येक यशामागे हाच प्रश्न उभा असतो. मुंबईचा जेहान दारुवाला याच्या कारकिर्दीचे मोल ठरवतानाही तो टाळता येत नाही.

फॉर्म्युला-वनमध्ये प्रत्येक संघ आपली मोटार स्वतः घडवतो. त्यामुळे चालक निष्णात असूनही मोटार कमी पडली, की तो मागे राहतो. त्याखालच्या पायरीवर, फॉर्म्युला-टूमध्ये, मात्र सर्व संघांना सारखाच सांगाडा, सारखेच इंजिन आणि सारखेच टायर दिले जातात. साहजिकच तेथील विजयात चालकाच्या कौशल्याचा वाटा अधिक मानला जातो.

१ ऑक्टोबर १९९८ रोजी मुंबईत जन्मलेला जेहान २०११ मध्ये फोर्स इंडिया संघाच्या गुणवत्ता शोधमोहिमेतून पुढे आला. २०१९ मध्ये फॉर्म्युला-थ्रीच्या जागतिक मालिकेत त्याने तिसरा क्रमांक मिळवला. ६ डिसेंबर २०२० रोजी बहरीनच्या साखीर सर्किटवर तो फॉर्म्युला-टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. ही मालिका पूर्वी ‘जीपी-टू’ नावाने ओळखली जात असे आणि त्या काळात चेन्नईच्या करुण चंढोकने तेथे विजय मिळवले होते. २०२१ मध्ये मोंझा व अबुधाबी आणि २०२२ मध्ये पुन्हा मोंझा येथे जिंकून जेहानने विजयांची संख्या चारवर नेली.

मात्र सर्व विजयांचे वजन सारखे नसते. लहान, म्हणजे ‘स्प्रिंट’ शर्यतीत आघाडीच्या चालकांचा क्रम उलटा लावला जातो. मुख्य शर्यतीत तशी सवलत नसते आणि गुणही अधिक मिळतात. जेहानचे पहिले तीन विजय स्प्रिंटमधील होते. २०२२ चा मोंझा येथील विजय मुख्य शर्यतीतील होता.

फॉर्म्युला-वनमध्ये उतरण्यासाठी ‘सुपर लायसन्स’ लागते. त्यासाठी साधारणपणे तीन वर्षांत ४० गुण जमवावे लागतात. फॉर्म्युला-टूच्या मोसमात पहिल्या तिघांत येणाऱ्यास हे सर्व गुण एकदम मिळतात, सातव्या क्रमांकास अवघे आठ. जेहान २०२१ व २०२२ या दोन्ही मोसमांत सातवा आला. अधूनमधून शर्यत जिंकणे वेगळे आणि मोसमभर सातत्य राखणे वेगळे, ते येथे स्पष्ट होते. शिवाय गुण असले तरी जागा मिळेलच असे नाही. २०२२ चा विजेता फेलिपे द्रुगोविच यालाही पुढील वर्षी राखीव चालक म्हणूनच राहावे लागले. जेहानला २०२२ मध्ये मॅकलारेनची फॉर्म्युला-वन मोटार चाचणीसाठी चालवता आली. शर्यतीची संधी मात्र मिळाली नाही. २०२४ च्या मोसमात तो मासेराती संघाकडून विद्युत मोटारींच्या फॉर्म्युला-ई मालिकेत उतरला.

सन्मानांचा हिशेब तर आणखी निराळा. फॉर्म्युला-वनमधील पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन याला २०१० मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी तो अमेरिकेतील ‘नॅसकार’च्या ट्रक मालिकेत उतरला. तेथील पहिल्या शर्यतीत तो तेरावा आला, एकही शर्यत जिंकू शकला नाही. तरीही चाहत्यांनी त्याला मालिकेतील सर्वांत लोकप्रिय चालक ठरवले. मोटार क्रीडाक्षेत्राला पहिला अर्जुन पुरस्कार मात्र २०१९ मध्ये, रॅलीपटू गौरव गिलच्या रूपाने लाभला.

म्हणूनच चालकाची कामगिरी केवळ चषक मोजून कळत नाही. शर्यत कोणती, मोटार कशी आणि मोसमाअखेर क्रमांक कितवा, हे तीन प्रश्न विचारावे लागतात. मे २०२५ मध्ये बंगळुरूच्या कुश मैनीने मोनॅको येथे फॉर्म्युला-टूची स्प्रिंट शर्यत जिंकली, तेव्हा त्याच्यापुढेही हेच प्रश्न उभे राहिले.