लोकलच्या डब्यातील सीमोल्लंघन

ज्याच्या बळावर आपला चरितार्थ चालतो, त्यापुढे वर्षातून एकदा मस्तक नमवावे, हा दसऱ्याच्या शस्त्रपूजेतील भाव. मग मुंबईत चौघांत मिळून भाड्याची खोली घेतलेल्या, देवघराचा कोपराही वाट्याला न आलेल्या तरुण नोकरदाराने पूजावे तरी काय? त्याने उत्तर शोधले आहे. तो लोकलगाडी पूजतो.

दसऱ्याला बहुतेक कचेऱ्या बंद. म्हणून हा सोहळा आदल्या दिवशीच होतो. दादरच्या फूलबाजारातून झेंडू आणलेला असतो. सकाळच्या गाडीत खिडक्या-दारांना तोरणे चढतात, देवीची तसबीर लागते, टाळांच्या गजरात आरती होते आणि पेढ्यांचा पुडा गर्दीतून हातोहात फिरतो. तिघांच्या बाकावर चौथा टेकला म्हणून एरवी कुरकुरणारे गृहस्थ त्या दिवशी आपण होऊन सरकतात व त्याच्या हाती आपट्याचे पान ठेवतात. कोणी मोटरमनला नारळ देऊन येतो. (धावत्या गाडीत निरांजन मात्र पेटवू नये, एवढी आमची विनंती.)

'हा कसला धर्म?' असे काही वडीलधारी मंडळी म्हणतात. आम्हांस तसे वाटत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली. तेव्हापासून किती परगावच्या मुलांना या लोहमार्गाने पोसले! गावाहून आई दूरध्वनीवर विचारते, "सोने कोणाला दिलेस रे?" आणि त्याला चार-पाच नावे चटकन सांगता येतात. त्यांतल्या कोणाचेही घर त्याने अद्याप पाहिलेले नसते.