त्या पत्राचे धनी

सत्ता आणि भ्रष्टता यांविषयीचे लॉर्ड अ‍ॅक्टन यांचे ते सुप्रसिद्ध वाक्य मी राज्यशास्त्राच्या उत्तरपत्रिकांत निदान चारदा तरी लिहिले असेल. ते मुळात कोणाला उद्देशून होते, हा प्रश्न मात्र पदवी हाती पडेपर्यंत मला सुचला नाही. ते १८८७ साली एका पाद्र्याला लिहिलेल्या खाजगी पत्रातले आहे!

हे पाद्री म्हणजे मँडेल क्रायटन. कार्लाइल येथील एका सुतारकाम करणाऱ्या गृहस्थाच्या घरी १८४३ मध्ये जन्मले, ऑक्सफर्डला शिकले आणि तेथेच शिकवू लागले. १८७५ मध्ये ते सोडून त्यांनी नॉर्थंबरलंडच्या समुद्रकाठचे एम्बल्टन हे खेडे पत्करले. चर्चची उपासना, गावकऱ्यांची सुखदुःखे, आणि उरलेल्या वेळात पोपशाहीचा इतिहास! त्याचे पहिले दोन खंड १८८२ मध्ये निघाले. पुढे केंब्रिजची प्राध्यापकी आली आणि १८८६ मध्ये ‘इंग्लिश हिस्टॉरिकल रिव्ह्यू’चे पहिले संपादकपदही.

खरी गंमत पुढे आहे. तिसऱ्या-चौथ्या खंडांचे परीक्षण क्रायटन यांनी आपण होऊन अ‍ॅक्टन यांच्याकडे सोपविले. अ‍ॅक्टन कॅथॉलिक, क्रायटन अँग्लिकन. तरी पोपांना फार सौम्यपणे वागविले म्हणून कॅथॉलिकानेच अँग्लिकनाला धारेवर धरले! माणूस त्याच्या काळाच्या समजुतींनुसार समजून घ्यावा, ही क्रायटन यांची वृत्ती; तर सत्ताधाऱ्याला सवलत कसली, त्याला उलट अधिक कठोर माप लावले पाहिजे, हा अ‍ॅक्टन यांचा आग्रह. पाखंडी ठरवून माणसे जाळली गेली, तेथे ‘काळच तसा होता’ म्हणणे मलाही जड जाते. म्हणून माझे मत अ‍ॅक्टन यांच्या बाजूला पडते. पण क्रायटन यांनी पत्राला नम्रपणे उत्तर दिले आणि ते परीक्षण, अ‍ॅक्टन यांनी थोडे सौम्य केल्यावर, स्वतःच्याच नियतकालिकात छापले. असे किती संपादक करतील?

१८९१ मध्ये ते पीटरबरोचे बिशप झाले, १८९७ मध्ये लंडनचे. कामाचा डोंगर वाढला, लेखन मागे पडले. १९०१ च्या जानेवारीत, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी ते गेले. ट्रेंटच्या धर्मसभेपर्यंत न्यावयाचा इतिहास १८९४ च्या पाचव्या खंडात, १५२७ च्या रोमच्या लुटीपाशी थांबला होता. तो तेथेच राहिला.