मॉडेल विमानाचे पंख टोकाला निमुळते का ठेवतात? आणि किती निमुळते ठेवावेत?

शेलू. मध्य रेल्वेवर वांगणी आणि नेरळच्या मधलं, कर्जत तालुक्यातलं गाव. भातकापणी उरकली की या पट्ट्यात मोकळी, कोरडी शेतं दिसू लागतात. शेतमालकाची परवानगी असेल तर रिमोटवरचं विमान उडवायला आणखी काय हवं?

पण जागा चांगली असूनही एक अपघात हमखास घडतो. महिनाभर खपून बनवलेलं विमान उतरण्याआधीच्या वळणावर एका अंगावर कलंडतं आणि नाकावर आदळतं. दोष बऱ्याचदा पंखाच्या आकारात असतो.

निमुळता पंख कशासाठी?

पंखाच्या टोकाशी खालची हवा वर वळते आणि भोवरे तयार होतात. ते विमानाला मागे खेचतात. पंखावरची उचल मधून टोकाकडे लंबवर्तुळासारखी कमी होत गेली, तर ही ओढ सर्वात कमी असते, हे जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांनी दाखवलं.

कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे याच प्रांटल यांचे विद्यार्थी. पुढे एचएएलमध्ये त्यांनी एचटी-२ हे प्रशिक्षण विमान घडवलं. ते १९५१ मध्ये पहिल्यांदा उडालं.

लंबवर्तुळाकार पंख बनवणं किचकट. सरळ रेषांचा निमुळता पंख त्याच्या बराच जवळ जातो. शिवाय टोकं हलकी होतात.

मग अडचण कुठे?

अरुंद टोकावर, कमी वेगात, हवा लवकर सुटते. दोन्ही टोकं एकाच वेळी उचल गमावत नाहीत. जे आधी गमावतं, त्या बाजूला विमान पडतं.

किती निमुळता?

मोठ्या विमानात टोकाची रुंदी मुळाच्या ०.४ पट चालते. छोट्या मॉडेलला ०.६ ते ०.७ सुरक्षित. उदाहरणार्थ, १२० सेंमी लांबीच्या पंखाला मुळाशी २० सेंमी, टोकाशी १२ सेंमी.

बनवायचा कसा?

मुळाचा आणि टोकाचा, असे प्लायवूडचे दोन साचे कापा. मधे बाल्साचे तुकडे बोल्टने आवळा आणि दोन्ही साच्यांना धरून घासा. क्रमाने लहान होणाऱ्या बरगड्या मिळतील. उजव्या-डाव्या पंखांचे गठ्ठे वेगळे घासा.

फोम गरम तारेने कापत असाल तर दोन्ही साच्यांवर सारख्याच संख्येच्या खुणा करा. तार प्रत्येक खुणेवर दोन्हीकडे एकदमच पोहोचली पाहिजे. म्हणजेच लहान टोकाकडे ती हळू सरकेल.

आता सर्वात महत्त्वाचं. बरगड्या चिकटवताना टोकाची मागची कड ४ मिमी उचलून धरा. १२ सेंमी रुंदीवर हा सुमारे २ अंशांचा पीळ होतो. त्यामुळे पंखाचं मूळ आधी उचल गमावतं आणि टोक शेवटपर्यंत तग धरतं. दोन्ही बाजूंचा पीळ सारखाच हवा.

उडवण्याआधी

ड्रोन नियम २०२१ मॉडेल विमानांनाही लागू आहेत, त्यामुळे जागेचा झोन तपासा. पहिल्या उड्डाणात विमान उंचावर नेऊन वेग कमी करा. नाक सरळ खाली झुकलं तर पंख जमला. एक बाजू झटकन पडली तर उतरताना वेग जास्त ठेवा आणि घरी जाऊन पीळ पुन्हा मोजा.