'हट थ्री'तून पेंग्विनपर्यंत

रॅली ब्रदर्स ही ग्रीक पेढी मुंबई-कराचीच्या कापूस व्यापारातील जुन्या पिढीस सुपरिचित होती. त्या पेढीच्या परिवारात १९१२ साली कराचीत जन्मलेले पीटर कॅल्व्होकोरेसी पुढे इंग्लंडमध्ये बॅरिस्टर झाले. दुसऱ्या महायुद्धात भूदलाने त्यांना नाकारले. गुप्तवार्तेच्या कामासही अपात्र, असा शेरा त्यांच्या नावापुढे पडला. शेरे लिहिणाऱ्यांनी किती घाई करावी, हा प्रश्न निराळा! हवाईदलाने मात्र त्यांना गुप्तवार्ता विभागात घेतले आणि ते ब्लेचली पार्क येथील 'हट थ्री'मध्ये रुजू झाले.

तेथील काम हेरकथांतील नव्हे, पेढीवरील मुनीमजींच्या कामाशी अधिक जुळणारे होते. शेजारच्या 'हट सिक्स'मध्ये एनिग्मा यंत्राचे जर्मन संदेश उकलले जात आणि 'हट थ्री'कडे येत. त्यांत अक्षरे गळालेली असत. ती जुळवून भाषांतर करावयाचे. प्रत्येक तुकडी, अधिकारी व ठिकाण यांची कार्डावर नोंद ठेवावयाची आणि नवा संदेश येताच जुनी कार्डे काढून ताळा पाहावयाचा. एखाद्या विमानतळाच्या इंधनपुरवठ्याची नोंद एकटी क्षुल्लक वाटे. जुन्या कार्डांशेजारी ठेवली की तीच शत्रूचा बेत उघड करी. सर्वांत कडक दंडक असा, की शत्रूने लिहिलेले वेगळे आणि आपला तर्क वेगळा. तर्क हा 'टिप्पणी' म्हणूनच सेनापतींकडे जाई. ही रेषा पुसली गेली असती, तर अंदाजाच्या भरवशावर सैन्य हलले असते आणि चुकीची किंमत सैनिकांनी प्राण देऊन मोजली असती. खतावणीत अंदाजाची रक्कम जमेस धरणाऱ्याचे काय होते, हे व्यापाऱ्यांस सांगावयास नको.

युद्धानंतर न्यूरेंबर्ग खटल्यात त्यांनी फिर्यादी पक्षास साहाय्य केले. १९४९पासून पाच वर्षे ते चॅटम हाउससाठी आंतरराष्ट्रीय घडामोडींचे वार्षिक खंड सिद्ध करीत होते. आता कागद गुप्त नव्हते. पण ढीग तसाच, आणि कोणत्या कागदावर किती विश्वास ठेवावा हा विवेकही तोच. १९५४ साली ते 'चॅटो अँड विंडस' या प्रकाशनसंस्थेत गेले आणि पुढे पेंग्विनचे प्रमुख झाले.

ब्लेचलीतील मौन मात्र सुटले नव्हते. १९७४ साली विंटरबॉथम यांच्या ग्रंथाने ते रहस्य जगापुढे आणले, तेव्हा कॅल्व्होकोरेसी पेंग्विनमध्येच होते. त्यांचा स्वतःचा 'टॉप सीक्रेट अल्ट्रा' हा ग्रंथ त्यानंतर सहा वर्षांनी, १९८० साली निघाला.