आधी चंद्र दिसला, मग दिवे

2 एप्रिल 2022. वार शनिवार, सण गुढीपाडवा. त्याच दिवशी शाबान महिन्याची 29 तारीख होती. म्हणजे सूर्य मावळला की एका घरी गुढी उतरवायची आणि शेजारच्या घरी रमजानचा चंद्र बघायला गच्चीवर जायचे, अशी ती संध्याकाळ. दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबसारख्या गावांत ही दोन्ही घरे एकाच गल्लीत असतात. पंचांग आणि हिजरी दिनदर्शिका दोन्ही चंद्रावर चालतात. पंचांग अधिक महिना धरून ऋतूंशी जुळवून घेते. हिजरी वर्ष मात्र दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकत राहते. त्या वर्षी दोघांची गाठ पडली. अमावास्येनंतरची जी पहिली कोर, तिने एका घराला नवे वर्ष दिले आणि दुसऱ्याला रमजान.

आनंदाला आणखी एक कारण होते. कोरोनामुळे 2020 आणि 2021 चे रमजान घरात गेले होते. तरावीहची नमाजही घरातच झाली होती. राज्य सरकारने कोरोनाचे सगळे निर्बंध उठवले ते नेमके याच पाडव्यापासून. चंद्र दिसला, मुबारकबादीचे फोन झाले, उद्या पहिला रोजा हे ठरले. इशाच्या नमाजसाठी लोक वजू करून घराबाहेर पडू लागले.

आणि पावणेआठ-आठच्या सुमारास आकाशातून दिवे जाऊ लागले.

एक नाही, अनेक. पुढे मोठा ठिपका, मागे लहान लहान, प्रत्येकाला पिवळसर-लाल शेपूट. वायव्येकडून आग्नेयेकडे एका रांगेत, आवाज न करता, माणसाला मोबाइल काढून चित्रण करता येईल इतक्या सावकाश. मध्य प्रदेशातल्या झाबुआ-बडवानीपासून खान्देश आणि विदर्भापर्यंत लोकांनी ते पाहिले. पाच-दहा मिनिटांत प्रत्येकाच्या मोबाइलवर कुठल्या तरी दुसऱ्या गावची चित्रफीत येऊन पडली.

चित्रफितींबरोबर अर्थही आले. युक्रेनचे युद्ध सुरू होऊन सव्वा महिना झाला होता, म्हणून कोणाला क्षेपणास्त्र वाटले. कोणाला विमान पेटल्यासारखे वाटले, कोणाला परग्रहावरची यानांची रांग, तर कोणाला उल्कावर्षाव. पाडव्याला असे दिसणे शुभ की अशुभ, यावर ओट्यावर चर्चा झाली. रमजानच्या पहिल्याच रात्री हे दिसले म्हणजे काही तरी इशारा आहे, असे म्हणणारेही निघाले.

प्रत्येकाला वाटले, आपल्याच शिवारात

त्या रात्रीची एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. जो तो सांगत होता की दिवे आपल्या गावावरून गेले आणि पलीकडच्या शिवारात पडले. एप्रिलमध्ये कापूस-तुरीची वावरे मोकळी झालेली असतात, नजर थेट क्षितिजाला भिडते, त्यामुळे ही खात्री आणखी पक्की होते. कोणी खोटे बोलत नव्हते. पण सगळेच बरोबर असणेही शक्य नव्हते.

अवकाशातून परत येणारी वस्तू साधारण 80 किलोमीटर उंचीच्या आसपास फुटू लागते. इतक्या उंचीवरचा उजेड हजार किलोमीटरपर्यंतच्या क्षितिजावरून दिसू शकतो. रात्रीच्या आकाशात अंतर मोजायला डोळ्याजवळ काही साधन नसते. झाड नाही, खांब नाही, डोंगर नाही. म्हणून डोळा आपल्या सवयीचे अंतर लावून मोकळा होतो: नाल्यापलीकडे, टेकडीमागे, शेजारच्या गावात. दिवे क्षितिजाखाली गेले की ‘पडले’ असे वाटते, प्रत्यक्षात ते तेव्हाही पुढे धावतच असतात.

ते खरोखर पडले ते बोरी अरबपासून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरहून लांब, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात. लाडबोरी गावातल्या मोकळ्या जागेत धातूचे भलेमोठे कडे येऊन आदळले. व्यास आठ-दहा फूट, वजन 40 किलोच्या वर. त्याच तालुक्यात पवनपार भागात धातूचा एक गोळा सापडला. पुढे शोध सुरू झाला तेव्हा आणखी अवशेष मिळाले. कोणाला इजा झाली नाही. सणाचा दिवस, बाहेर माणसे, घरे जवळ. त्या रात्री लाडबोरीच्या लोकांनी दारे लावून घेतली असतील, तर त्यांना भित्रे म्हणता येणार नाही. इतर जिल्ह्यांनी तमाशा पाहिला, त्यांच्या दारात लोखंड पडले.

ते होते तरी काय?

उत्तर लगेच मिळाले नाही, आणि पहिले उत्तर चुकीचे निघाले. त्याच दिवशी संध्याकाळी न्यूझीलंडमधून एक रॉकेट उडाले होते. वेळ जुळत होती, म्हणून आधी त्याच्यावर बोट ठेवले गेले. नंतर कक्षांचा हिशेब झाला. अवकाशातल्या वस्तूंची नोंद ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी हा चीनच्या ‘लाँग मार्च 3 बी’ रॉकेटचा तिसरा टप्पा असल्याचे सांगितले. ते रॉकेट फेब्रुवारी 2021 मध्ये उडाले होते. उपग्रह सोडून झाल्यावर हा रिकामा टप्पा वर्षाहून अधिक काळ पृथ्वीभोवती फिरत राहिला, हळूहळू खाली आला आणि पाडव्याच्या संध्याकाळी विदर्भावर वातावरणात शिरला. इस्रोच्या शास्त्रज्ञांनीही चंद्रपूर जिल्ह्यात येऊन अवशेषांची पाहणी केली.

दिव्यांची रांग का दिसली, हेही त्यातून उलगडते. सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने येणाऱ्या वस्तूसमोरची हवा दाबली जाते आणि प्रचंड तापते. वस्तू फुटते आणि प्रत्येक तुकडा वेगळा जळत जातो. जड तुकडे पुढे, हलके मागे. ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे त्याचा बराचसा भाग वरच संपतो. टायटॅनियमला वितळायला 1,668 अंश लागतात. रॉकेटमधल्या दाबाखालच्या वायूच्या टाक्या अशाच चिवट साहित्याच्या आणि गोल असतात, म्हणून अनेकदा गोळेच जमिनीपर्यंत पोचतात. पुढच्याच महिन्यात, मे 2022 मध्ये, गुजरातच्या आणंद जिल्ह्यातही असे गोळे पडले.

एका पांढऱ्या केसाची गोष्ट

रमजानचा चंद्र पाहण्याच्या परंपरेत अशा प्रसंगासाठी एक शहाणपण आहे. ते धर्माच्या पुस्तकात असले तरी कामाचे सगळ्यांच्या आहे.

चंद्र दिसल्याची गवाही कशी घ्यायची, याचे हनफी फिकहमध्ये नियम आहेत. आभाळ ढगाळ असेल तर रमजानच्या चंद्रासाठी एका विश्वासू माणसाची साक्ष चालते, ईदसाठी मात्र किमान दोन साक्षीदार हवेत. आणि आभाळ स्वच्छ असेल तर एक-दोघांवर भागत नाही, पुष्कळ लोकांनी पाहिलेले असावे लागते. कारण साधे आहे. आकाश मोकळे, शेकडो डोळे पश्चिमेला लागलेले, आणि चंद्र फक्त एकालाच कसा दिसला? साक्षीदार कितीही सज्जन असला तरी हा प्रश्न विचारावाच लागतो. सज्जन माणसाचाही डोळा चुकू शकतो.

बसऱ्याचे काझी इयास बिन मुआविया यांची एक गोष्ट उलेमा आवडीने सांगतात. लोक चंद्र शोधत होते. त्यांत पैगंबरांचे सोबती हजरत अनस बिन मालिक होते, खूप वृद्ध झालेले. ते म्हणाले, मला दिसला, तो पहा. बाकी कोणाला काहीच दिसेना. इयासनी पाहिले की म्हाताऱ्या भुवईतला एक पांढरा केस वळून डोळ्यापुढे आला आहे. त्यांनी अदबीने भुवईवरून हात फिरवला, केस सरळ केला आणि विचारले, आता कुठे आहे चंद्र? अनस म्हणाले, आता दिसत नाही.

या गोष्टीत कोणी अनसना खोटे ठरवले नाही. त्यांच्या वयाचा, मानाचा, पैगंबरांच्या सहवासाचा आदर राहिला. पण केसाला चंद्रही मानले गेले नाही. पाडव्याच्या त्या रात्री मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांना असाच हात फिरवणारा कोणी हवा होता. ‘दिवे दिसले’ ही साक्ष. ‘क्षेपणास्त्र होते’, ‘इशारा होता’ हा भुवईचा केस.

आपल्या दुःखाला आभाळ जोडू नये

याहून मोठा धडा खुद्द पैगंबरांच्या घरातला आहे. त्यांचा मुलगा इब्राहीम तान्हेपणीच, दीड वर्षाच्या आसपासचा असताना गेला. त्याच दिवशी मदिनेत सूर्यग्रहण लागले. ते ग्रहण 27 जानेवारी 632 चे मानले जाते. लोक बोलू लागले की पैगंबरांच्या मुलासाठी सूर्यानेही शोक केला. प्रसंग असा की त्यांनी नुसते गप्प राहिले असते तरी लोकांची श्रद्धा वाढली असती. ते गप्प राहिले नाहीत. सूर्य आणि चंद्र कोणाच्या मरणाने किंवा जन्माने झाकोळत नाहीत, त्या अल्लाहच्या निशाण्या आहेत, असे त्यांनी सांगितले आणि लोकांना नमाजकडे, दुआकडे वळवले. बुखारीसारख्या प्रमाण हदीस ग्रंथांत ही नोंद आहे.

ज्याच्या घरात मूल गेले त्या बापाने हे सांगितले, हे लक्षात घेतले की त्याचे वजन कळते. आकाशातली प्रत्येक गोष्ट आपल्याबद्दलच असते, असे मानण्याचा मोह प्रत्येक धर्माच्या माणसाला होतो. नवल वाटण्याला मनाई नाही. मनाई आहे ती त्या नवलाला आपल्या सोयीचा अर्थ चिकटवून पुढे पाठवण्याला.

जबाबदारी कोणाची?

इशारा नव्हता म्हणून विचारण्यासारखे काहीच उरले नाही, असेही नाही. चुकीचा प्रश्न बाजूला केला की बरोबर प्रश्न दिसू लागतो: लाडबोरीच्या अंगणात दुसऱ्या देशाचे लोखंड का पडावे?

ही भीती नवी नाही. अमेरिकेची स्कायलॅब जुलै 1979 मध्ये कोसळली, तेव्हा ती कुठे पडणार या चिंतेने भारतातल्या खेड्यापाड्यांत घबराट पसरली होती. गावातल्या वडीलधाऱ्यांना ते दिवस आठवतात. तुकडे शेवटी हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. त्याआधी जानेवारी 1978 मध्ये सोव्हिएत संघाचा अणुइंधनावर चालणारा कॉसमॉस 954 हा उपग्रह कॅनडात कोसळला होता. साफसफाईसाठी कॅनडाने 60 लाख डॉलरची मागणी केली. 1981 मध्ये सोव्हिएत संघाने 30 लाख कॅनेडियन डॉलर दिले. या मागणीला आधार होता 1972 च्या आंतरराष्ट्रीय कराराचा: अवकाशातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर नुकसान केले तर सोडणाऱ्या देशाने भरपाई द्यायची, मग चूक सिद्ध होवो वा न होवो. भारतही या करारात आहे. पण भरपाई मागायलाही आधी साक्ष लागते. कधी पडले, कुठे पडले, कोणी पाहिले, वस्तू जशीच्या तशी ठेवली का. अफवा कुठल्याच दरबारात गवाही म्हणून चालत नाही.

म्हणून पुढच्या वेळी काही पडलेले सापडले तर हात लावू नये. टाकीत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. मुलांना लांब ठेवावे आणि पोलिसांना कळवावे. आणि नुसते दिवे दिसले तर एवढे पाहावे: लुकलुकत जाणारा दिवा विमानाचा. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपणारी रेघ उल्केची. सारख्या अंतरावरचे, शेपूट नसलेले, माळेसारखे शांत ठिपके नव्याने सोडलेल्या स्टारलिंक उपग्रहांचे असतात, आणि ते बहुधा सूर्यास्तानंतर किंवा पहाटेआधी दिसतात. शेपूट असलेले, तुटत जाणारे, सावकाश सरकणारे दिवे म्हणजे परतणारे रॉकेट किंवा उपग्रह. दिशा, वेळ आणि किती सेकंद दिसले, एवढे कागदावर लिहून ठेवले तरी ती मोठी मदत.

रमजानमध्ये हे जमणे सोपे. या महिन्यात गाव सहरीला उठते, मगरिबला पश्चिमेकडे बघते, तरावीहहून रात्री चालत घरी येते. एरवी वर्षभर वर न बघणारी माणसे महिनाभर आकाशाखाली वावरतात. शेवटी पुन्हा 29 तारखेला सगळे गच्चीवर जमतात. या वेळी ईदचा चंद्र. कोणी तरी ओरडते, ‘दिसला!’ आणि शेजारचा म्हातारा, खूश होण्याआधी, विचारतो, ‘कुठे? नीट बोट दाखव.’