दस्तुरीचे पन्नास रुपये



मागील अंक वाचून एका भगिनींनी पत्राने विचारले आहे, "आमच्या मंडळीचा तरुण संघ माथेरानला गेला होता. दस्तुरीला प्रत्येकाकडून पन्नास रुपये घेतले. त्यातले काही तुमच्या वाड्यांतल्या लोकांपर्यंत पोहोचते का?" थोडक्यात उत्तर असे, की जवळजवळ काहीच नाही. पण एवढेच लिहून पत्र बंद केले तर तो कर वाईट आहे असा समज होईल, आणि मला तसे म्हणायचे नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माथेरानात मोटारींना बंदी आहे. नेरळहून घाट चढून आलेली गाडी दस्तुरी नाक्याला थांबते. तिथून पुढे पायी, घोड्यावरून, रिक्षाने किंवा अमन लॉज स्थानकातून छोट्या आगगाडीने जायचे. गावात येणाऱ्या प्रवाशाकडून नगरपरिषद कर घेते. गेली काही वर्षे मोठ्या माणसाला ५० रुपये आणि लहान मुलाला २५ रुपये असा दर आहे. २०११ च्या जनगणनेत माथेरानची वस्ती साडेचार हजारसुद्धा भरली नव्हती. एवढ्या घरांच्या घरपट्टीतून शनिवार-रविवारी लोटणाऱ्या गर्दीचा कचरा, संडास, पाणी आणि दिवाबत्ती यांचा खर्च कसा निघणार? जो येतो, वापरतो आणि टाकून जातो, त्याने काही द्यावे हे रास्तच आहे. पंढरपुरातही एके काळी यात्रेकरूंकडून यात्राकर घेत असत.

प्रश्न पुढचा आहे. हे पैसे प्रवाशाच्या खिशातून निघतात खरे, पण त्यामुळे शेवटी कमी कुणाला मिळते?

पर्यटनावर जगणारे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हॉटेलवाले, घोडेवाले, चिक्कीची आणि चपलांची दुकाने येतात. मला आठवतात त्या डोंगराखालच्या वाड्यांतून पाऊलवाटेने चढून येणाऱ्या ठाकर आणि कातकरी बायका. उन्हाळ्यात करवंदे, जांभळे आणि रायवळ आंबे, पावसाळ्यात काकडी आणि मक्याची कणसे. एक टोपली, पानांचे द्रोण आणि बसायला झाडाची सावली, एवढेच त्यांचे दुकान. गाळा नाही, वीजबिल नाही, कुठल्या व्यापारी संघटनेची पावती नाही. पर्यटन व्यवसायांची यादी करायला कुणी बसले तर त्यांचे नाव तिच्यात येत नाही. पण पर्यटक कमी झाला किंवा त्याने हात आखडता घेतला, तर सर्वांत आधी त्यांनाच कळते.

आता थोडे गणित करू. एक जोडपे चार हजारांच्या खोलीत दोन रात्री राहते. त्यांचा खोलीचा खर्च आठ हजार, कर शंभर रुपये. म्हणजे शेकड्याला सव्वा रुपया. त्यांना तो जाणवतही नाही. दुसरे जोडपे सकाळच्या लोकलने नेरळला उतरते, संध्याकाळी परत जाणार आहे आणि वरच्या खर्चासाठी सहाशे रुपये बाजूला काढून आले आहे. त्यांचाही कर शंभरच, पण तो त्यांच्या पैशांचा सहावा हिस्सा. ते काही दस्तुरीहून परत फिरत नाहीत. पन्नास रुपयांसाठी कुणी परत जात नाही, हे हॉटेलवालेही मान्य करतील. मग ते कशात काटकसर करतात? जाण्यायेण्याचे भाडे ठरलेले, जेवण टळत नाही. काटकसर होते ती सुट्ट्या पैशांत. लिंबू-सरबत दोघांत एक, कणीस नको, करवंदे "येताना घेऊ", आणि येताना गाडीची घाई.

आणखी एक गोष्ट. हॉटेलात राहणारा बराचसा पैसा हॉटेलातच खर्च करतो. न्याहारी, जेवण आणि चहा तिथेच. टोपलीवाल्या बाईचे गिऱ्हाईक मुख्यतः एका दिवसासाठी येणारे आणि पायी हिंडणारे. दोघांना सारखाच असलेला कर ज्याच्यावर जड पडतो, नेमका तोच तिचा अन्नदाता आहे.

पन्नास रुपयांचा हा परिणाम बारीक आहे, तो हिशेबाच्या वहीत दिसणार नाही. मोठ्या कराचा परिणाम पाहायचा तर भूतानचे उदाहरण घ्यावे लागेल. आपल्याकडची पुष्कळ कुटुंबे फुंतशोलिंगमार्गे तिथे जातात. भूतानने परदेशी पाहुण्यांकडून दर रात्रीचे शुल्क पूर्वीपासून घेतले, आणि त्या पैशांतून तिथल्या मोफत शाळा-दवाखान्यांना हातभार लागतो. भारतीयांना ते माफ होते. २०२० च्या कायद्यानंतर भारतीयालाही रात्रीचे १,२०० रुपये लागू झाले. म्हणजे चार मोठ्या माणसांचे कुटुंब पाच रात्री राहिले तर हॉटेल-जेवणाआधीच २४,००० रुपये. सप्टेंबर २०२२ मध्ये कोविडनंतर देश पुन्हा उघडला तेव्हा इतर देशांच्या पाहुण्यांचे शुल्क ६५ डॉलरवरून २०० डॉलरवर नेले गेले. २०१९ मध्ये तीन लाख पंधरा हजारांवर पाहुणे आले होते. २०२३ मध्ये आले सुमारे एक लाख तीन हजार. या घसरणीत कोविडचाही वाटा आहे, सगळा दोष शुल्काचा नाही. तरी सरकारला पाऊल मागे घ्यावे लागले आणि सप्टेंबर २०२३ पासून २०० चे १०० डॉलर झाले.

थोडे पाहुणे यावेत आणि त्यांनी जास्त द्यावे, हा विचार डोंगरासाठी चांगला आहे, सरकारी तिजोरीलाही तो चालतो. पण साध्या लॉजवाल्याला, टॅक्सीवाल्याला आणि रस्त्याकडेला खाणे विकणाऱ्या बाईला माणसांची संख्या लागते. श्रीमंत पाहुणा दोन पोटांचे जेवत नाही.

मग कर कसा असावा? स्कॉटलंडमधील एडिंबरा शहराने जुलै २०२६ पासूनच्या मुक्कामांना खोलीच्या भाड्यावर शेकडा पाच असा कर ठरवला, तोही पहिल्या पाच रात्रींपुरताच. महाग खोलीला जास्त, स्वस्त खोलीला कमी आणि एका दिवसासाठी येणाऱ्याला काहीच नाही. माझ्या मते हे अधिक न्यायाचे. पण यातही मेख आहे. नाक्यावरचा कर नगरपरिषदेचा माणूस गोळा करतो, खोलीवरचा कर खोलीच्या मालकाला गोळा करावा लागतो. ज्याच्याकडे मुनीम आहे त्याला ते सोपे. घरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देणाऱ्याला नोंदी ठेवणे, भरणा करणे आणि उशीर झाला तर दंड भरणे हे सगळे संध्याकाळी भाकऱ्या थापून झाल्यावर करावे लागते.

आता भगिनींच्या मूळ प्रश्नाकडे येते. माथेरानचा कर नगरपरिषदेच्या निधीत जातो आणि तो नगरपरिषदेच्या हद्दीत खर्च व्हायचा. त्यात गैर काही नाही, कायदाच तसा आहे. पण आमच्या वाड्या डोंगराच्या उतारावर आणि पायथ्याशी, ग्रामपंचायतींच्या हद्दीत. वर ओझी वाहणारी, घरकामाला जाणारी आणि फळे विकणारी माणसे रात्री ज्या घरी परततात, तिथल्या पाण्याला आणि रस्त्याला त्या करातला रुपया लागत नाही. त्यांचे मतही खालीच, त्यामुळे वरच्या नगरसेवकाला त्यांचे उत्तरदायित्व नाही. डोंगर एक, पण हद्दी दोन.

साताऱ्याजवळच्या कास पठारावर वेगळी रीत आहे. तिथे फुलांच्या दिवसांत घेतले जाणारे शुल्क आसपासच्या गावांच्या समितीमार्फत वन विभागाच्या देखरेखीखाली गोळा होते. पहारा, वाट दाखवणे आणि वाहनतळ सांभाळणे ही कामे गावच्याच लोकांना मिळतात. तिथे तंटे नाहीत असे मी म्हणत नाही. पण पैसा जमतो कुठे आणि तो मागायचा कुणाकडे, हे गावकऱ्याला माहीत असते.

माथेरानला हा प्रश्न आता तातडीचा झाला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला, ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाची योजना करायला सांगितले आणि पैसा नाही ही सबब चालणार नाही असेही बजावले. माणसाने माणसाला ओढणे थांबावे हे उत्तमच. ई-रिक्षा मात्र पाहुण्याला पाऊलवाट टाळून थेट बाजारात सोडते. त्या वाटेवर टोपली घेऊन बसणारीचा विचार कुणी करायचा?

त्याला एक कायदेशीर जागा आहे. पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्याप्रमाणे शहरात पथविक्रेता समिती असावी लागते. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडलेले आणि त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, अनुसूचित जमातींनाही प्रतिनिधित्व असावे, असे कायदा सांगतो. कुठे बसायचे आणि सावली कुठे हवी, हे त्या समितीत बोलता येते.

तुमचा तरुण संघ पुन्हा गेला तर कर जरूर भरा आणि पावती घ्या. दहा-वीसच्या नोटा जवळ ठेवा, कारण पाचशेची मोड टोपलीत नसते आणि मोबाइलवर पैसे घेण्याची सोय सगळ्यांकडे नाही. करवंदे जातानाच घ्या. समितीच्या सर्वेक्षणात नाव लावायचे तर आपण खरोखर इथे विकतो हे दाखवावे लागते, आणि टोपलीची पावती कुणी देत नाही. तो पुरावा कसा उभा करायचा याची माहिती वाड्यांतल्या बायकांबरोबर बसून गोळा करते आहे. ती पुढच्या अंकात देईन.