सेवेला निघण्याआधी

पिवळ्या तापाची लस एकदा घेतली की पुरते; मात्र ती टोचून घेतली आणि विमानात बसले, असे चालत नाही. प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते ते लसीनंतर दहा दिवसांनी, कारण प्रतिकारशक्ती तयार व्हायला शरीराला तेवढा अवधी लागतो. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये हे पिवळे कार्ड दाखवल्याशिवाय प्रवेश नाही. त्यामुळे फ्रीटाउन बंदरातल्या रुग्णालय-जहाजावर सेवेला जाणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांची तयारी दंडावरच्या सुईपासून सुरू होते, सुटकेस नंतर.

‘ग्लोबल मर्सी’ हे ते जहाज. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या ‘मर्सी शिप्स’ या ख्रिस्ती संस्थेचे. लांबी १७४ मीटर, ६ शस्त्रक्रियागृहे, सुमारे २०० खाटा. २०२३ मध्ये ते फ्रीटाउनला आले. दुभंगलेले ओठ, वर्षानुवर्षे वाढत गेलेल्या गाठी, भाजल्यामुळे आखडलेले हात, हर्निया अशा शस्त्रक्रिया तिथे मोफत होतात, रुग्णाचा धर्म न विचारता. काम करणारे बहुतेक जण बिनपगारी, प्रवासखर्चही सहसा स्वतःच उचलणारे. कुणी वर्षभर राहते, तर शल्यचिकित्सक अनेकदा दोन-तीन आठवड्यांसाठीच येतात.

लशीनंतरचा प्रश्न मलेरियाचा. या भागातला फाल्सिपॅरम मलेरिया क्लोरोक्विनला दाद देत नाही, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने दुसरे प्रतिबंधक औषध घ्यावे लागते. डॉक्सिसायक्लिन प्रवासाच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून रोज घ्यायचे. मात्र त्याने त्वचा उन्हाला नाजूक होते. मेफ्लोक्विन आठवड्याला एकदाच, पण ते दोनेक आठवडे आधी सुरू करावे लागते आणि मानसिक आजार होऊन गेलेल्यांना चालत नाही. शिवाय हेपॅटायटिस बी, धनुर्वात, टायफॉइड यांच्या लशी आहेतच. हेपॅटायटिस बी तर शस्त्रक्रियागृहात पाऊल ठेवणाऱ्याने झालेली असायलाच हवी. वापरलेली सुई हाताला टोचली, तर एचआयव्ही रोखणारी औषधे शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. ती कुठे ठेवली आहेत आणि रात्री कुणाला उठवायचे, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवलेले बरे.

विमान उतरते ते लुंगीला. गावाचे नाव खरोखरच हे आहे. शहर खाडीपलीकडे, त्यामुळे बहुतेक प्रवासी बोटीने फ्रीटाउन गाठतात. लोक क्रिओ बोलीत विचारतात, ‘हाउ दी बॉडी?’ म्हणजे शब्दशः ‘अंग कसे आहे?’ पाहुण्या डॉक्टरला हे आधी आपल्याच अंगाला विचारायला हवे. रुग्णांमध्ये कुपोषित मुले असतात, ताज्या जखमांचे रुग्ण असतात. खोकला-ताप घेऊन वॉर्डात शिरणारा स्वयंसेवक तिथे मदत नव्हे, संसर्ग पोहोचवतो. एबोलाच्या २०१४ ते २०१६ च्या साथीत पश्चिम आफ्रिकेत ११ हजारांहून अधिक लोक दगावले. सिएरा लिओनने मुळात मोजक्या असलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांपैकीही अनेक जण गमावले. अशा ठिकाणी ‘साधा सर्दी-खोकला’ असे काही नसते.

मात्र सर्वांत अवघड तयारी पाहुणा परत गेल्यानंतरच्या दिवसांची असते. टाके काढायचे कुणी? आखडलेला हात मोकळा केल्यावर व्यायाम करून घेतला नाही, तर तो पुन्हा आखडतो. जखमेत पू झाला तर दूरच्या गावातल्या माणसाने कुठे जायचे? दोन आठवड्यांचे शिबिर भरवून निघून जाणाऱ्या गटांवर खरा आक्षेप आहे तो हाच, आणि तो रास्त आहे. जहाज एका बंदरात साधारण दहा महिने राहते, म्हणून शल्यचिकित्सक गेला तरी जखम बघणारे मागे असतात. आपल्याकडे मिरजेला १८९४ मध्ये रुग्णालय उभारणारे मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस तिथे तीन दशकांहून अधिक काळ राहिले. शेवटच्या टाक्यापर्यंत थांबायला त्यांच्याकडे वेळ होता. तेवढी वर्षे देणे आज फार थोड्यांना जमते. मग उरतो तो मार्ग म्हणजे स्थानिक डॉक्टर, परिचारिका, भूलतज्ज्ञ यांना सोबत घेऊन शिकवणे. तरीही योजना फसतात. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे संस्थेच्या ‘आफ्रिका मर्सी’ जहाजाला सेनेगलमधले डाकार मुदतीआधीच सोडावे लागले. ते परतले थेट २०२२ मध्ये. तोवर वाट पाहणाऱ्यांच्या गाठी काही थांबल्या नव्हत्या.

सामानात उरलीसुरली औषधे कोंबण्याचा मोहही टाळावा. दान दिलेल्या औषधाची किमान एक वर्षाची मुदत पोहोचताना शिल्लक असावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक सूचना आहे. नाही तर ती नष्ट करण्याचा खर्च गरीब देशाच्याच गळ्यात पडतो.

परतीलाही ते पिवळे कार्ड लागते. भारतात हा रोग नाही, पण तो पसरवणारा एडिस डास घरोघरी आहे. त्यामुळे अशा देशातून प्रमाणपत्राविना येणाऱ्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. घरी पोहोचून सुटकेस माळ्यावर गेली, तरी डॉक्सिसायक्लिन किंवा मेफ्लोक्विन आणखी चार आठवडे घ्यायचे असते. यकृतात दडलेले परजीवी नंतर रक्तात उतरतात. आणि पुढच्या काही महिन्यांत ताप आलाच, तर फॅमिली डॉक्टरांना लक्षणांच्याही आधी सांगायचे, की आपण आफ्रिकेला जाऊन आलो आहोत.